कोड सगळ्यांचा, कमिट कोणाचं?

थिओ डी राट हा नेटबीएसडी या मुक्त कार्यप्रणालीच्या चार संस्थापकांपैकी एक. बर्कली विद्यापीठातून निघालेल्या युनिक्सच्या कोडवर या चौघांनी १९९३ साली आपला प्रकल्प उभा केला आणि डिसेंबर १९९४मध्ये प्रकल्पाच्या कोअर गटाने थिओला बाहेरचा रस्ता दाखवला. त्याच्या कामात खोट नव्हती. तो लोकांशी उद्धटपणे वागतो, असा आक्षेप होता. पण ज्या प्रकल्पात कोणी नोकरीवर नाही, पगार नाही, कचेरी नाही, तिथून माणसाला काढायचं म्हणजे करायचं तरी काय? तर नेटबीएसडीच्या सर्व्हरवर कोडचं भांडार सांभाळणाऱ्या सीव्हीएस या प्रणालीतलं त्याचं खातं बंद केलं. बस्स, एवढंच. प्रसिद्ध झालेला कोड तो पूर्वीसारखाच उतरवून घेऊ शकत होता, हवा तसा बदलू शकत होता, विकूसुद्धा शकत होता. बीएसडी परवान्याने ते सगळं त्याला दिलंच होतं. फक्त आपण सुधारलेली एक ओळसुद्धा मूळ भांडारात परत ठेवायची सोय त्याला उरली नव्हती.

ते खातं परत मिळावं म्हणून कित्येक महिने पत्रापत्री चालली. त्यातून काही निष्पन्न झालं नाही. शेवटी ऑक्टोबर १९९५मध्ये थिओने तोच कोड घेऊन ओपनबीएसडी हा वेगळा संसार थाटला. त्याने सुरुवातीलाच एक गोष्ट केली: आपलं सीव्हीएस भांडार कोणालाही, नाव न सांगता, रोजच्या रोज वाचता येईल अशी व्यवस्था केली. तोवर चालू कामाचं भांडार आतल्या मोजक्या मंडळींपुरतं असायचं. बाहेरच्यांनी तयार आवृत्ती निघाली की ती घ्यायची. ज्याचा लिहिण्याचा हक्क गेला त्याने वाचण्याचं दार सताड उघडलं. लिहिण्याच्या बाबतीत मात्र ओपनबीएसडी आजही चांगलंच कडक आहे, आणि अखेरचा शब्द बराच काळ थिओचाच राहिला आहे. याच प्रकल्पातून १९९९मध्ये ओपनएसएसएच निघालं. दुरून सर्व्हरवर लॉगिन करायला आज जगभर तेच वापरतात. त्याचं नाव पुढे पुन्हा येईल.

मुक्त सॉफ्टवेअरबद्दल आपल्याकडे बोललं जातं ते बहुतेक परवान्यांबद्दल. जीपीएल काय म्हणतो, एमआयटी परवाना काय म्हणतो, कंपनीत कोणता चालतो. पण कोणताही परवाना तुम्हाला तुमच्या प्रतीचं काय करता येईल तेवढंच सांगतो. माझ्या प्रतीत, म्हणजे ज्या प्रतीवरून उद्या लाखो यंत्रांवर सॉफ्टवेअर जाणार आहे त्या प्रतीत, तुम्ही लिहू शकता की नाही याबद्दल तो चकार शब्द काढत नाही. वाचायचा हक्क कागदाने मिळतो; लिहायचा हक्क माणसं देतात आणि माणसंच काढून घेतात. त्याचे नियम कुठल्या कायद्याच्या पुस्तकात नाहीत. प्रत्येक प्रकल्पाने ते आपापल्या स्वभावाप्रमाणे, आणि बरेचदा आपापल्या अपघातांनंतर, ठरवले.

स्वभाव किती वेगळे असू शकतात ते बघण्यासारखं आहे. बर्कलीच्या त्याच कोडवर उभ्या असलेल्या फ्रीबीएसडीत भांडारात बदल घालणं म्हणजे ‘कमिट’, आणि त्या हक्काला ‘कमिट बिट’ म्हणतात. तुमचे पॅच, म्हणजे तुम्ही सुचवलेले बदल, बराच काळ चांगले येत राहिले की आतलाच कोणीतरी तुमचं नाव सुचवतो. बिट मिळाल्यावर तुम्हाला एक मेंटॉर नेमून दिला जातो, आणि सुरुवातीचा काही काळ त्याच्या होकाराशिवाय तुम्ही काहीही आत टाकायचं नाही. पुढे तुम्ही दीर्घकाळ काही केलं नाही तर बिट काढून घेतला जातो, पण शिक्षा म्हणून नव्हे. तो ‘सांभाळायला ठेवला’ असं म्हणतात, आणि मागितलात तर परत मिळतो. ज्याच्या कमिटमुळे बिल्ड मोडतं त्याच्या डोक्यावर थट्टेची टोकदार टोपी चढते. हा झाला नांदत्या घराचा कारभार.

अपाचेचा खाक्या निराळा. १९९५मध्ये आठ जणांनी मिळून वेब सर्व्हर दुरुस्त करायला घेतला तेव्हा ते वेगवेगळ्या ठिकाणी राहणारे, एकमेकांना ईमेलवरून ओळखणारे लोक होते. मतदान ईमेलनेच व्हायचं: पटलं तर +१, नाही पटलं तर -१. कोडच्या बाबतीत एका हक्कदार सभासदाचा -१ बदल अडवायला पुरतो, मात्र त्याने तांत्रिक कारण दिलं पाहिजे. ‘मला आवडलं नाही’ हे कारण धरलं जात नाही. १९९९मध्ये अपाचे फाउंडेशन झालं. तिथला एक नियम मला फार शहाणपणाचा वाटतो: कमिटचा हक्क व्यक्तीला मिळतो, कंपनीला नाही. तुम्ही नोकरी बदललीत तरी हक्क तुमच्याबरोबर राहतो आणि कंपनी तुमच्या खुर्चीवर दुसरा माणूस बसवून तो त्याला देऊ शकत नाही. पुण्या-बंगळुरूच्या आयटी कंपन्यांत अपाचेच्या प्रकल्पांवर काम करणाऱ्यांना हा फरक पहिल्यांदा कळतो तेव्हा थोडं चमकायला होतं. साहेबाचं पद कितीही मोठं असो, कमिट मात्र हाताखालच्या मुलीला करता येतं.

या सगळ्या पद्धतींच्या एका टोकाला एसक्यूलाइट आहे. तुमच्या खिशातल्या फोनमध्ये हा डेटाबेस नक्की आहे, बहुधा अनेक प्रती आहेत. त्याचा कोड इतका मुक्त आहे की त्यावर कोणाचा कॉपीराइटच नाही. पण अनोळखी माणसाचा पॅच तिथे घेतला जात नाही. आमचा कोड खुला आहे, आमच्यात सामील होणं खुलं नाही, असं ते स्वच्छ सांगतात. ज्या थोड्यांनी त्यात लिहिलं त्यांनी ‘या कोडवर माझा हक्क नाही’ अशी प्रतिज्ञापत्रं सही करून दिली आहेत, आणि ती मूळ कागदपत्रं कंपनीच्या कचेरीत अग्निरोधक तिजोरीत ठेवलेली आहेत. दुसऱ्या टोकाला रुबिनियस. रुबी भाषेच्या या प्रकल्पात तुमचा एक पॅच, अगदी किरकोळ का असेना, स्वीकारला गेला की तुम्हाला कमिटचा हक्क मिळायचा. लोकांना वाटलं होतं, आता सावळागोंधळ होणार. तसा तो झाला नाही. विश्वास टाकला की बहुतेक लोक जपून वागतात, हे तिथे दिसलं. बहुतेक लोक. उरलेल्यांकडे आपण येऊच.

लिनक्सची गोष्ट या सगळ्यांहून वेगळी, कारण तिचा जनक लिनस टॉरवल्ड्स याने कमिटचा हक्क कोणाला दिलाच नाही. सीव्हीएसवर त्याचा राग होता. लोकांनी ईमेलने पॅच पाठवायचे, त्याने वाचायचे, पटले तर स्वतःच्या प्रतीत घालायचे. १९९८च्या सुमारास पॅच इतके वाढले की काही हरवू लागले, लोक तेच तेच पुन्हा पाठवू लागले, चिडू लागले. एका माणसाला हे झेपत नाही हे उघड दिसत होतं. २००२मध्ये लिनसने कोडचं भांडार सांभाळायला बिटकीपर ही प्रणाली घेतली. ती लॅरी मॅकव्हॉयच्या कंपनीची होती आणि बंदिस्त कोडची होती. मुक्त सॉफ्टवेअरचा मुकुटमणी बंदिस्त सॉफ्टवेअरवर बांधायचा, हे पुष्कळांना झोंबलं. जे बिटकीपर वापरायला राजी नव्हते त्यांच्यासाठी मॅकव्हॉयच्या कंपनीने त्याच कोडची एक सीव्हीएस प्रत ठेवली.

नोव्हेंबर २००३मध्ये त्या दुय्यम प्रतीत एक बदल सापडला, आणि मूळ बिटकीपरमध्ये त्याची नोंदच नव्हती. बदल होता दोन ओळींचा. वरवर बघता एक तपासणी: एखाद्या प्रोग्रामने ‘वेट फोर’ या कॉलला दोन विशिष्ट पर्याय विचित्र रीतीने एकत्र दिले, आणि तो रूट म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्ता असला, तर चूक आहे असं कळवा. निरुपद्रवी. पण सी भाषेत दोन गोष्टी सारख्या आहेत का हे विचारायला == लिहितात आणि डावीकडे किंमत ठेवायला नुसतं =. इथे नुसतं = होतं. म्हणजे ‘वापरकर्त्याचा क्रमांक शून्य आहे का?’ असं न विचारता ती ओळ त्याचा क्रमांक शून्य करून टाकत होती, आणि शून्य क्रमांक रूटचा असतो. ते दोन पर्याय माहीत असलेला कोणीही साधा वापरकर्ता क्षणात यंत्राचा मालक झाला असता. घाईत टंकताना एक चिन्ह सुटलं असं सहज खपून गेलं असतं. सुदैवाने ती प्रत दुय्यम होती आणि दोन्ही भांडारं आपोआप ताडून पाहिली जात होती, म्हणून ते उघडकीला आलं. हा उद्योग कोणी केला ते कधीच कळलं नाही.

बिटकीपरशी काडीमोड झाला तो २००५च्या एप्रिलमध्ये. सांबा या प्रसिद्ध प्रकल्पाचा जनक अँड्र्यू ट्रिजेल याने बिटकीपरच्या सर्व्हरशी बोलणारं छोटं मुक्त साधन लिहायला घेतलं, आणि मॅकव्हॉयने संतापून फुकट वापराची सवलतच बंद केली. ट्रिजेलने पुढे ऑस्ट्रेलियातल्या एका परिषदेत आपलं ‘गुपित’ प्रेक्षकांसमोर करून दाखवलं: सर्व्हरला जोडून घेतलं आणि टाइप केलं ‘हेल्प’. सर्व्हरने आज्ञांची यादी दिली. इतकंच.

बिटकीपरच्या जागी लिनसने ३ एप्रिलला गिट लिहायला घेतलं. ७ एप्रिलला गिटचा कोड गिटमध्येच ठेवला जात होता. आज गिटशिवाय प्रोग्रामरचं पान हलत नाही, पण त्याने लिहिण्याच्या हक्काचं काय केलं हे सहसा सांगितलं जात नाही. सीव्हीएसमध्ये भांडार एकच, सर्व्हरवर. ज्याला खातं आहे तो लेखक, नाही तो वाचक. गिटमध्ये प्रत्येकाकडे पूर्ण इतिहासासकट अख्खं भांडार असतं आणि आपल्या भांडारात जो तो राजा. तुमचा बदल माझ्याकडे यायचा तर तुम्ही आत ढकलायची गरज नाही. तो मी ओढून घेतो. थिओसारखं भांडण गिटच्या जगात पुरतं मिटलं नसेल, पण त्याची धार गेली. शिवाय प्रत्येक कमिटची ओळखखूण त्यातल्या मजकुरावरून आणि आधीच्या कमिटच्या खुणेवरून गणिताने काढलेली असते. सातबाऱ्यावरच्या फेरफार नोंदी एकीवर एक रचलेल्या असाव्यात आणि मधली एक खोडली की त्यानंतरच्या सगळ्यांचे क्रमांक आपोआप चुकावेत, तसं. २००३ची घुसखोरी गिटमध्ये तितक्या सहज करता आली नसती.

एक फट मात्र गिटने मोकळी सोडली. कमिटवर लेखकाचं नाव जे दिसतं ते तुम्ही स्वतः टाइप केलेलं असतं. तुम्ही तिथे लिनसचं नाव आणि ईमेल लिहिलं तरी गिट हरकत घेत नाही. २८ मार्च २०२१ला पीएचपी भाषेच्या भांडारात दोन कमिट दिसले. एकावर पीएचपीचा जनक रास्मुस लेर्डॉर्फ याचं नाव, दुसऱ्यावर तिथला प्रमुख डेव्हलपर निकिता पोपोव्ह याचं. शीर्षक ‘टंकनदोष दुरुस्त’. आतल्या कोडची करामत अशी की वेबसाइटला येणाऱ्या मागणीत ठरावीक शब्द असला तर त्यापुढचा मजकूर कोड म्हणून चालवायचा. म्हणजे पीएचपीवर चालणाऱ्या कुठल्याही साइटची चावी. काही तासांत ते लक्षात आलं आणि काढलंही गेलं. पण दोघांपैकी कोणीही ते लिहिलं नव्हतं. पीएचपीची मंडळी तोवर स्वतःचा गिट सर्व्हर चालवत होती. तो चालवत राहणं हा आता नाहक धोका आहे, असं त्यांनी ठरवलं आणि मूळ भांडार गिटहब या भांडारं ठेवणाऱ्या संकेतस्थळावर हलवलं. लिहिण्याचा हक्क हवा असेल तर दुहेरी पडताळणी सक्तीची केली.

कोड कोणी लिहायचा या प्रश्नातून कोड राहतो कुठे हा प्रश्न असा आपोआप निघतो. गिटमुळे सगळ्यांकडे सगळं असतं, मग पत्त्याला एवढं महत्त्व का? कारण भांडार उचलून नेता येतं. त्याभोवतीचं गाव नाही नेता येत. बगच्या नोंदी, त्यावरच्या वर्षानुवर्षांच्या चर्चा, तयार आवृत्त्यांचे दुवे, कोणाला काय हक्क आहेत त्याची यादी, हे सगळं गिटच्या बाहेर, त्या जागेच्या मालकाकडे असतं.

आणि मालक बदलतात. १९९९मध्ये सुरू झालेलं सोर्सफोर्ज हे एके काळी मुक्त सॉफ्टवेअरचं राजधानीचं शहर होतं. जाहिरातींच्या पैशासाठी पुढे त्याने डाउनलोडबरोबर नको ते प्रोग्राम चिकटवायला सुरुवात केली. चित्रांवर काम करणाऱ्या गिम्प या प्रकल्पाने २०१३मध्ये कंटाळून तिथून बाडबिस्तरा हलवला. पण खातं मागे राहिलं, आणि २०१५मध्ये सोर्सफोर्जने ते सोडून दिलेलं खातं आपल्या ताब्यात घेऊन गिम्पच्याच नावाने जाहिरातींसकटचा इन्स्टॉलर वाटला. पुढे नव्या मालकांनी ही प्रथा बंद केली, पण गेलेले लोक परतले नाहीत. गूगल कोड हे तसंच ठिकाण २००६मध्ये सुरू झालं आणि दहा वर्षं पुरी व्हायच्या आत बंद करत असल्याचं जाहीर झालं. गिटहब २०१८मध्ये मायक्रोसॉफ्टने साडेसात अब्ज डॉलरला घेतलं. त्याने घोटाळा केला असं कोणी म्हणणार नाही. पण डेबियन, गनोम आणि केडीई या तीन मोठ्या समुदायांनी आपापला सर्व्हर आपणच चालवायचं ठरवलं ते उगाच नव्हे.

अर्थात स्वतःचा सर्व्हर म्हणजे सुरक्षित सर्व्हर, असं नाही. केडीईने ते २०१३च्या मार्चमध्ये अनुभवलं. मुख्य गिट सर्व्हरवरची फाइल प्रणाली बिघडली, आणि जगभरच्या मिरर सर्व्हरांनी आपलं काम इमानेइतबारे केलं: मूळ ठिकाणी जे बिघडलं, जे नाहीसं झालं, ते त्यांच्याकडेही तसंच करून टाकलं. सुमारे १,५०० भांडारं जाता जाता वाचली, तीही नव्यानेच उभ्या केलेल्या एका यंत्रावर चांगली प्रत शिल्लक निघाली म्हणून. आरसा म्हणजे बॅकअप नव्हे, हे त्या दिवसापासून तिथे कोणाला समजावून सांगावं लागत नसेल.

घर भाड्याचं असो की स्वतःचं, जमीन कोणत्या तरी देशाची असते. डिसेंबर २०१४मध्ये भारतातल्या अनेकांना गिटहब उघडेनासं झालं. दहशतवादी प्रचाराच्या एका तपासात मुंबईच्या एस्प्लनेड न्यायालयाने आदेश दिला होता आणि त्यावरून दूरसंचार विभागाने ३२ ठिकाणं बंद करायला सांगितली होती. त्यांत गिटहब होतं, चलचित्रांचं व्हिमिओ होतं. काही दिवसांत बंदी उठू लागली. २०१९च्या जुलैमध्ये उलट बाजूने फटका बसला: अमेरिकेच्या निर्बंधांमुळे इराण, सीरिया आणि क्रायमियातल्या लोकांची खासगी भांडारं गिटहबने रोखली. इराणसाठी ती मोकळी व्हायला २०२१ उजाडलं. आणि ऑक्टोबर २०२४मध्ये लिनक्सच्या मेंटेनरांच्या, म्हणजे एकेक भाग सांभाळणाऱ्यांच्या, यादीतून डझनभर नावं निघाली, बहुतेक रशियन. कारण दिलं होतं ते ‘कायदेशीर पूर्तता’ इतकंच. निर्णय बरोबर की चूक यावर वाद घालता येईल. माझ्या मते तो गुपचूप आणि एका ओळीत उरकायला नको होता. पण परवान्याचं एक अक्षरही न बदलता लिहिण्याचा हक्क कसा जातो, याचं इतकं स्पष्ट उदाहरण दुसरं नाही.

हक्काची पायरी नेहमी एवढ्या उंचीवरच असते असं मात्र नाही. गनोमच्या मराठी भाषांतराचं उदाहरण घ्या. तिथे भाषांतराच्या कामाला तीन मुख्य भूमिका असतात: भाषांतर करणारा, तपासणारा आणि कमिट करणारा. कोणीही मराठी माणूस खातं काढून वाक्यं भाषांतरित करू शकतो, पण ते दुसऱ्याने वाचल्याशिवाय आणि तिसऱ्याने आत घातल्याशिवाय पडद्यावर येत नाही. व्यवस्था उत्तम. पण मराठीसारख्या भाषेच्या चमूत मुळात माणसंच कमी असली की तपासायला आणि कमिट करायला कोण उरणार? फाइल तयार असते आणि रांगेत पडून राहते. नियम तीन माणसांचा आणि हजर एक, ही अडचण फक्त भाषांतराची नाही. त्याच अडचणीतून या क्षेत्रातला सर्वांत मोठा घात घडला.

एक्सझेड हे फाइली दाबून लहान करणारं साधन. जवळजवळ प्रत्येक लिनक्सवर असतं आणि त्याच्याकडे कोणाचंही लक्ष नसतं. फिनलंडचा लासे कॉलिन ते वर्षानुवर्षं एकहाती, बिनपगारी सांभाळत होता. २०२१मध्ये ‘जिया टॅन’ नावाच्या खात्यावरून त्याला पॅच यायला लागले. बरे पॅच होते. २०२२मध्ये आणखी काही नावं उगवली, आणि त्यांनी पॅच नव्हे, तक्रारी पाठवल्या. कामं रेंगाळली आहेत, मेंटेनरचं लक्ष उडालं आहे, दुसऱ्या कोणाला तरी हक्क द्या. लासेने उत्तर दिलं की लक्ष उडालेलं नाही, पण प्रकृतीमुळे आणि इतर कारणांनी हात बांधलेले आहेत, आणि हा बिनपैशाचा छंद आहे हे ध्यानात ठेवावं. दबाव थांबला नाही. मग जो समोर राबताना दिसत होता त्यालाच हक्क मिळाला, आणि २०२३पर्यंत जिया टॅन स्वतः कमिट करत होता, आवृत्त्या काढत होता. चंचुप्रवेश म्हणतात तो असा. तक्रार करणारी ती नावं त्यानंतर पुन्हा दिसली नाहीत.

फेब्रुवारी २०२४मध्ये ५.६.० ही आवृत्ती निघाली. घात दोन तुकड्यांत लपवलेला होता. एक तुकडा चाचणीसाठी ठेवलेल्या, मुद्दाम बिघडवलेल्या फाइलींच्या आत. अशा फाइली उघडून वाचायच्या नसतातच. दुसरा तुकडा, पहिल्याला जागं करणारा, गिटच्या भांडारात नव्हताच. तो फक्त तयार करून वाटलेल्या गठ्ठ्यात होता, जो आवृत्ती काढण्याचा हक्क असलेला माणूस स्वतःच्या यंत्रावर बांधतो. भांडाराची ओळन्‌ओळ तपासणाऱ्यालाही तो दिसला नसता. आणि लक्ष्य होतं ओपनएसएसएच. त्यात एक्सझेड मुळात वापरलंच जात नाही, पण डेबियन, फेडोरासारखी लिनक्सची वितरणं ओपनएसएसएचला जी जोडणी करतात तिच्या मागच्या दाराने ते आत येतं. ज्याच्याकडे ठरावीक किल्ली आहे तो लॉगिन न करताच सर्व्हर चालवू शकला असता.

पकडलं कोणी? मायक्रोसॉफ्टमध्ये काम करणारा आंद्रेस फ्रॉइंड, मूळचा पोस्टग्रेस डेटाबेसवाला. तो वेगळीच मोजमापं घेत होता. डेबियनच्या अस्थिर आवृत्तीवर एसएसएचचं लॉगिन प्रोसेसर जास्त खातंय असं त्याला दिसलं. आधी जे सुमारे ०.३ सेकंदात व्हायचं त्याला ०.८ सेकंद लागत होते. अर्ध्या सेकंदाचा हा खडा त्याच्या दाताखाली आला. शोधत शोधत तो एक्सझेडपर्यंत पोचला आणि २९ मार्च २०२४ला त्याने सगळं जाहीर केलं. घात तोवर काही वितरणांच्या चाचणी आवृत्त्यांतच पोचला होता. आणखी काही महिने गेले असते तर जगभरच्या सर्व्हरांवर असता. जिया टॅन कोण, एक माणूस की टोळी की एखाद्या सरकारचं खातं, हे आजवर उघड झालेलं नाही.

यानंतरचा तपशील बातम्यांत फारसा आला नाही, आणि मला तो सगळ्यात बोलका वाटतो. गिटहबने जिया टॅनबरोबर लासेचंही खातं गोठवलं आणि एक्सझेडचं भांडार बंद केलं. घात नेमका काय आहे हे समजून घ्यायला जगभरचे लोक धडपडत होते त्याच वेळी पुरावा कुलपात गेला. पण लासेने जुन्या सवयीने मूळ भांडार स्वतःच्या सर्व्हरवरही ठेवलं होतं, आणि त्या सर्व्हरचा हक्क त्याने जिया टॅनला कधीही दिला नव्हता. जे गिटहबवर होतं तेवढंच त्या खात्याच्या हातात होतं.

गेल्या काही वर्षांत नियम पुष्कळ आले. गिटहबने कोड लिहिणाऱ्यांना दुहेरी पडताळणी सक्तीची केली. अनेक प्रकल्पांत आता कोणाचाही बदल दुसऱ्याने वाचल्याशिवाय आत जात नाही. लिनक्सचा सर्व्हर २०११मध्ये फोडला गेला तेव्हापासून तिथे खातं मिळायला तुमची डिजिटल किल्ली ओळखीच्या माणसांनी सही केलेली लागते. डेबियनमध्ये ही सही करताना समोरासमोर बसून ओळखपत्र दाखवावं लागतं, किल्लीचे आकडे एकमेकांना वाचून दाखवावे लागतात. हे सगळं चांगलं आहे. पण जिया टॅनने पासवर्ड चोरला नव्हता की कुठलं कुलूप फोडलं नव्हतं. त्याला हक्क रीतसर, थकलेल्या माणसाने, लोकांच्या तगाद्यामुळे दिला होता. दोघांनी तपासायचा नियम एकटा माणूस पाळणार कसा?

लासे कॉलिनने मे २०२४च्या अखेरीस घात काढलेली ५.६.२ आवृत्ती काढली. तो अजून एक्सझेड सांभाळतो.

हिंजवडीत किंवा ऐरोलीत बसून हे वाचणाऱ्या, रोज असल्या शेकडो लायब्रऱ्या वापरणाऱ्या मित्रमैत्रिणींना एकच सांगणं आहे. आपल्या प्रकल्पाची अवलंबनांची यादी एकदा उघडा आणि प्रत्येकीच्या भांडारात लिहिणारे किती जण आहेत ते मोजा. जिथे एकच नाव दिसेल तिथे एखादा बग तपासून द्या, कोणाचा तरी पडून राहिलेला पॅच वाचून मत द्या, कंपनीकडून पैसे मिळवता आले तर मिळवून द्या. आणि नवी आवृत्ती कधी येणार म्हणून तगादा लावणारी मेल तेवढी पाठवू नका.